बाहेरची होडी आधी सुटते

१

पट्टीकाकांना सगळे पट्टीकाका म्हणत ते त्यांच्या कामावरून. तलावाच्या पाण्यात लोखंडी पट्ट्या उभ्या रोवलेल्या असतात, त्यांच्यावर सेंटिमीटरच्या खुणा रंगवलेल्या असतात, आणि पाणी आज कुठल्या खुणेला टेकलंय हे कुणीतरी रोज जाऊन बघावं लागतं. ते कुणीतरी म्हणजे काका. एकतीस वर्षं. सकाळी आठला होडी सोडायची, एकेका पट्टीशी जाऊन थांबायचं, लाट निवली की आकडा बघायचा, वहीत लिहायचा आणि पुढे वल्हवायचं. अशा सात पट्ट्या. सातवी त्यांच्या घराच्या पायरीलाच होती. ती वाचली की साडेचार वाजलेले असायचे आणि बोलायला माणूस नसलेला आणखी एक दिवस संपलेला असायचा.

घरही तसंच, एकटं. काठापासून हाकेच्या अंतरावर पाण्यातून एक खडक वर आलाय, त्याच्यावर खात्याने बांधलेल्या तीन खोल्या. खडकाला वाट नाही. यायचं होडीने, जायचं होडीने. स्वैपाकघराची खिडकी काठाकडे बघते आणि दार मागे, मोकळ्या पाण्याकडे उघडतं. दारातून अकरा पायऱ्या उतरल्या की खाली एक लाकडी खुंटा. तो काकांनी तरुणपणी छातीभर पाण्यात उभं राहून स्वतः ठोकला होता. खुंटा, अकरा पायऱ्या, दार. मध्ये दुसरं काही नाही, आणि त्या खुंट्याला काकांच्या होडीशिवाय दुसरी होडी कधी लागलेली नव्हती. कोण कशाला लावील? तिथून जायचं झालं तर काकांच्या स्वैपाकघरात जाता येतं, दुसरीकडे कुठे नाही.

काकू जाऊन चार वर्षं झाली होती. लेक दूर शहरात. रोज संध्याकाळी सातला तिचा फोन यायचा आणि रोज तो एकाच वळणावर जायचा, की बाबा, आता पुरे, इकडे या. एकदा काकांनी कंटाळून तिला शब्द दिला. म्हणाले, ज्या दिवशी मी स्वतः बघितलेल्या गोष्टीची मलाच खात्री वाटेनाशी होईल, त्या दिवशी मी आपण होऊन पिशवी भरीन. लेकीने तो शब्द नीट घडी घालून ठेवून दिला. आणि काका निर्धास्त झाले, कारण बघितलेल्याची खात्री हेच तर त्यांचं एकतीस वर्षांचं काम होतं. घर सोडायची त्यांची तयारी नव्हती. त्या घरात निदान काकूंचं नसणं तरी सोबतीला होतं. लेकीच्या घरी तेही मिळालं नसतं.

थंडीचे दिवस होते. सोमवारी साडेचारला खडकाला वळसा घालून काका मागच्या बाजूला आले, आणि त्यांच्या खुंट्याला एक होडी बांधलेली होती.

२

आधी त्यांना राग आला. बाहेरून थकून यावं आणि आपल्या खुर्चीत कुणी पाय पसरून बसलेलं असावं, तसा. वल्ही थांबवून त्यांनी दोन हाका मारल्या. कोण आहे, कुणाची होडी आहे. उत्तर नाही.

होडी जुनी होती. रंग इतका उडालेला की मूळचा कुठला ते सांगता येऊ नये. नंबर लिहितात ती जागा घासून कोरी झालेली. आत काही नाही, ना वल्ही, ना पाणी उपसायचा डबा.

पाण्यावर राहणाऱ्या माणसांची एक रीत असते. खुंट्याला आधीच होडी असेल तर भांडायचं नाही. आपली होडी तिच्या अंगाला लावायची, तिलाच बांधायची आणि तिच्यावरून चालत काठावर जायचं. मात्र दुसऱ्याच्या होडीत पाऊल टाकायच्या आधी विचारायचं, ‘येऊ का?’ आतून ‘या’ म्हणतात, मग जायचं. होडीत कुणी नसलं तरी विचारायचं. आणि सकाळी निघताना बाहेरची होडी आधी सुटते, कारण ती सुटल्याशिवाय आतलीला वाटच नसते. लहान पोरांनासुद्धा हे शिकवावं लागत नाही.

काकांनी आपली होडी तिच्या अंगाला लावली आणि रिकाम्या होडीला विचारलं, ‘येऊ का?’ थोडं थांबले आणि पाऊल टाकलं.

खुंट्याशी आल्यावर ते सवयीने वाकले. तिथे त्यांना पहिल्यांदा काहीतरी खटकलं. त्या होडीचा दोर खुंट्याला नुसता गुंडाळलेला नव्हता, तो खुंट्याच्या लाकडात रुतला होता. दोर घासून घासून बोटभर खोल खाच पडलेली. होडीच्या पोटाखाली पाण्यात हिरव्या शेवाळाची दाढी वाढून हलत होती, वीतभर लांब. सकाळी आठला याच खुंट्यावरून काकांनी आपली होडी सोडली होती. तेव्हा खुंटा गुळगुळीत होता. निदान तसा त्यांच्या हाताला आठवत होता.

मग त्यांनी मान वर करून पायऱ्या बघितल्या. रागाच्या भरात हा हिशेब त्यांच्या डोक्यातच आला नव्हता. होडी इथे आहे. माणूस होडीत नाही. म्हणजे माणूस उतरला. आणि इथे उतरलेला माणूस जाणार कुठे?

दार ओढून घेतलेलं होतं, सकाळी ठेवलं होतं तसंच. काकांनी दारातच उभं राहून कान दिला. नळाचं थेंब थेंब पाणी. काठावरून शिलाईचं मशीन चालल्याची बारीक घरघर. त्यांनी तिन्ही खोल्या बघितल्या. पलंगाखाली बघितलं, काकूंचं कपाट उघडून बघितलं, आणि कपाट उघडल्याबद्दल मनातल्या मनात काकूंची माफीही मागितली. कुणी नव्हतं. फक्त स्वैपाकघरात खिडकीजवळची खुर्ची टेबलापासून थोडी मागे सरकलेली होती, बसलेलं माणूस उठून गेल्यावर राहते तेवढीच. आता सकाळी उठताना आपण ती आत सरकवली होती का, हे काही त्यांना छातीठोकपणे सांगता येईना.

३

मंगळवारी सकाळी ते कामाला जायच्या आधी काठावर गेले. होड्या दुरुस्त करणारा सुतार तिथे एक तळ खरवडत बसला होता. काकांनी त्याला लांबून लांबून विचारलं, की खुंट्यावर बोटभर खोल खाच पडायला किती दिवस लागतात. तो म्हणाला, दिवस कसले, वर्षं म्हणा. आणि वीतभर शेवाळ? त्यालाही तेवढीच. मग त्याने खरवडणं थांबवून काकांकडे बघितलं आणि म्हणाला, ‘काका, खुंटा तुमचा, खाच तुमच्या खुंट्यावर, आणि विचारताय मला?’

काठावरच्या कुणाची तसली होडी नव्हती. हरवल्याचंही कुणी सांगितलेलं नव्हतं. सुताराने सोमवारी येऊन खुंटा बघतो म्हणून सांगितलं. आठवडाभर त्याचे हात गुंतलेले होते.

शेजारीच शिलाईताईंची खोली. बाई पोटापुरतं शिवणकाम करायच्या आणि जीव रमेल एवढी सगळ्यांची चौकशी. त्यांचं मशीन खिडकीत, आणि खिडकी बरोबर काकांच्या स्वैपाकघराच्या खिडकीसमोर. त्यामुळे काकांनी चहा किती वाजता केला, दिवा कधी मालवला, हे काकांपेक्षा त्यांना जास्त ठाऊक. पण मायाळू. काकू गेल्या तेव्हा चाळीस दिवस त्यांनी डबा दिला होता, आणि काकांच्या एकुलत्या एका तपकिरी स्वेटरचं कोपर फाटलं तेव्हा हाताशी होतं ते हिरवं कापड लावून ठिगळही मारून दिलं होतं. तपकिरी स्वेटरला हिरवं ठिगळ. दिसायचं पोपट बसल्यासारखं, पण काका ते मिरवायचे.

त्यांनी काकांना अडवलंच. पाण्यावरून आवाज लांब जातो, म्हणाल्या, काल मशीन थांबवलं तेव्हा ऐकू आलं, परत आल्यावर कुणाला विचारलंत हो, येऊ का म्हणून?

काकांना एकदम सांगवेना. होडीचं सांगितलं तर संध्याकाळपर्यंत ते लेकीच्या कानावर गेलं असतं, कारण दोघींचं फोनवर बोलणं असायचं.

‘कुणी नाही,’ काका म्हणाले. ‘सवय आहे, म्हणायचं नि पुढे जायचं.’

ताई हळहळल्या. त्यांना वाटलं, काकूंना विचारत असतील.

४

बुधवारी वाऱ्यामुळे लाटा निवायला वेळ लागत होता. सहाव्या पट्टीवरच चार वाजले. परत येताना काकांच्या खांद्यात कळ भरली होती आणि डोक्यात फक्त गरम चहा होता. होडी तिथेच होती. त्यांनी आपली होडी तिला लावली, बांधली, वही काखेत मारली आणि पाय उचलता उचलता म्हणाले, ‘येऊ का?’

‘ये.’

काका त्या होडीतून चालत गेले, पायरीवर चढले, दुसरी पायरी, तिसरी. तिसऱ्या पायरीवर त्यांना कळलं की आपल्याला उत्तर मिळालं.

आवाज होडीतून आला नव्हता. वरून आला होता, त्यांच्या स्वैपाकघरातून. मोठा नाही, दबका नाही. घरातलं माणूस कामात असताना वर न बघता म्हणतं ना, तसा. थोडा थकलेला. ओळखीचा की अनोळखी, तेही सांगता येईना, कारण एका अक्षरात काय ओळखणार? एवढंच की काकांना ‘ये’ म्हणणारं आता जगात कुणी उरलं नव्हतं. सगळे ‘या’ म्हणत.

तिन्ही खोल्या रिकाम्या. पलंग, कपाट, दाराआड. खुर्ची मागे सरकलेली.

मग काकांनी बसून शांतपणे विचार केला. वारा होता. काठावर कुणीतरी पोराला हाक मारली असेल, खडकावर आपटून ती इकडून आल्यासारखी वाटली असेल. हे पटण्यासारखं होतं. त्यांना ते पटलंही. चहा गाळताना मात्र त्यांच्या लक्षात आलं की आपण दोन कप काढलेत. एक त्यांनी परत ठेवला.

रात्री अंथरुणावर पडल्यावर खालून आवाज येत राहिला, होडीवर होडी टेकल्याचा. टक. थोड्या वेळाने टक. चार वर्षं त्या बाजूने नुसत्या पाण्याचा आवाज यायचा. खरं सांगायचं तर त्या टकटकीने काकांना भीती वाटायला हवी होती. त्यांना झोप लागली.

आणि गुरुवारी त्यांनी जे केलं ते त्यांनी कुणाला सांगितलं नसतं. पाचव्या पट्टीपासूनच ते घाईने वल्हवत आले, दाढी केलेली, स्वेटर झटकलेला. होडीशी येऊन जरा मोठ्यानेच विचारलं, ‘येऊ का?’ कुणी काही बोललं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. मग उगाच खोकून पायऱ्या चढले, आणि पायऱ्या चढताना त्यांना फार वाईट वाटलं.

५

शुक्रवारी सामान आणायला ते काठावर गेले तर शिलाईताई फुरंगटून बसलेल्या.

‘काल दुपारी घरीच होतात ना? तासभर खिडकीत उभे होतात. मी हात केला, दोनदा केला. बघून न बघितल्यासारखं केलंत,’ त्या म्हणाल्या. ‘एवढं काय घोडं मारलं मी तुमचं?’

काका म्हणाले, दुपारी मी चौथ्या पट्टीवर होतो. वहीत वेळ लिहिलेली आहे, दोन वाजून दहा मिनिटं.

‘मग तुमचा स्वेटर घालून कोण उभं होतं? लांबून तोंड नाही दिसलं, बाई, पण हिरवं ठिगळ दिसलं. ते मी लावलंय. मला माझं ठिगळ कळत नाही होय?’

काकांचा हात आपोआप कोपरावर गेला. ठिगळ तिथेच होतं. काल दोन वाजून दहा मिनिटांनीही ते तिथेच, त्यांच्या अंगावर, चौथ्या पट्टीशी होतं. तसं ते म्हणणार होते. पण ताई त्यांच्याकडे आता रुसल्यासारख्या बघत नव्हत्या. काळजीने बघत होत्या, आणि ते जास्त वाईट होतं. काका म्हणाले, असेन, दुपारी डबा विसरलो म्हणून आलो असेन.

त्या दिवशी साडेचारला त्यांनी सातवी पट्टी वाचली, पायरीवरची. तीनशे बारा. वही उघडली तर सातव्या पट्टीच्या रकान्यात तीनशे बारा लिहिलेलं होतं.

वही सकाळी त्यांच्याबरोबर गेली होती का? जायलाच हवी, बाकीचे सहा आकडे तिच्यात होते. की सामान आणायला जाताना ती टेबलावर राहिली, आणि मग ते ती घ्यायला परत आले? अक्षर त्यांचं होतं. तीनचं पोट त्यांच्यासारखंच फुगीर. आपण आधी लिहिलं आणि मग वाचलं? की वाचलं, लिहिलं आणि विसरून परत वाचलं? एकतीस वर्षांत बघायच्या आधी लिहिलेला असा एक आकडा नव्हता. काका पायरीवर बसले.

सातला फोन आला. लेक नेहमीसारखं बोलत होती, आणि काकांच्या तोंडून निघून गेलं, की आपल्या खुंट्याला एक होडी लागलीय, सोमवारपासून. मग सगळंच निघालं. खाच, शेवाळ, आवाज. आकड्याचं तेवढं त्यांनी गिळलं.

लेकीने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, शिलाईताईंचा फोन आला होता. मग हळूच म्हणाली, ‘बाबा, तुम्ही एक शब्द दिला होता.’

‘होडी आहे,’ काका म्हणाले. ‘येऊन बघ.’

‘रविवारी येते. दहाला काठावर असेन. होडी असली तर मी परत कधी विषय काढणार नाही. तुम्ही तिथेच राहा, शपथ. पण नसली तर पिशवी मी भरीन.’

६

आता सगळं उलटं झालं. पाच दिवस ज्या होडीने जीव टांगणीला लावला होता, तीच आता त्यांचा साक्षीदार होती. ती असली तर डोकं ठिकाणावर, घर आपलं. ती नसली तर शहरात लेकीच्या घरातली एक कोपऱ्यातली खाट. शनिवारी पट्ट्या वाचताना त्यांना एकच धास्ती, की आपण परत जाऊ आणि खुंटा रिकामा असेल.

होडी होती. काकांनी सुटकेचा श्वास सोडला आणि विचारलं, ‘येऊ का?’

‘ये,’ वरून आलं.

या वेळी ते थांबून ऐकत होते, म्हणून नीट ऐकलं. त्या आवाजात एक काहीतरी होतं, कुणाची तरी खूप वाट बघून झाल्यावर येतं ते. काका वर गेले नाहीत. आधी त्यांना काम उरकायचं होतं.

आतल्या होडीचा दोर जुना, कधी तुटेल नेम नाही. त्यांनी आपल्याकडचा नवा काथ्याचा दोर घेतला, अंगठ्याएवढा जाड, आणि ती होडी खुंट्याला दुहेरी गाठ मारून बांधली. पाय लावून गाठ ओढली. मग ओंजळी भरभरून तिच्यावर पाणी ओतलं. काथ्या भिजला की फुगतो, आणि गाठ अशी बसते की हाताने सुटायचं नावच घेत नाही. कापावीच लागते. होड्यावाली माणसं वादळाच्या दिवसांत अशी गाठ मारतात, एरवी कधी नाही, कारण त्या गाठीतून होडी चटकन निघत नाही.

गाठीवर हात ठेवून त्यांनी म्हटलं, उद्या दुपारपर्यंत जाऊ नकोस, एवढंच कर.

वर गेले. खोल्या रिकाम्या. टेबलावर दोन कप होते. एक कोरडा, एकाच्या तळाशी चहा. काकांनी दोन्ही धुऊन ठेवले आणि त्यावर विचार केला नाही.

७

रविवारी पावणेदहाला ते आवरून खाली उतरले. दहाव्या पायरीवरूनच त्यांना दोन होड्या दिसल्या आणि जीव भांड्यात पडला. आहे. लेक बघेल.

मग ते आणखी खाली आले.

त्यांची होडी आत होती. त्यांचा उपसायचा डबा, त्यांचं बसायचं पोतं, त्यांचा नंबर, घासून पुसत आलेला. काल मारलेली दुहेरी गाठ तिच्या दोराला होती, काथ्या टंच फुगलेला. दोराखाली खुंट्यात बोटभर खोल खाच, आणि होडीच्या पोटाखाली वीतभर हिरवी दाढी हलत होती. दुसरी होडी बाहेर होती, त्यांच्या होडीला हलक्या गाठीने लावलेली. तिच्यात वल्ही होती. वल्ह्यांवरून पाणी निथळत होतं.

काकांनी गाठ उकलायचा प्रयत्न केला. नखं मोडली. त्यांनी मारलेली गाठ होती ती, सुटेल कशी? सुरी आणायला ते वर धावले. ड्रॉवर उघडला, सुरी हातात घेतली, आणि खालून ओला दोर लाकडावर पडल्याचा आवाज आला. मग वल्ह्यांचा. एक, दोन. एकसारखा. घाई नसलेला.

ते खिडकीशी गेले. खडकाच्या आडून होडी बाहेर आली आणि काठाकडे निघाली. वल्हवणारा माणूस खिडकीकडे पाठ करून बसला होता. होडीत माणूस उलटं बसून वल्हवतो, त्याचं तोंड मागे राहिलेल्या घराकडे असतं. हा पुढे बघून, काठाकडे तोंड करून वल्हवत होता. तपकिरी स्वेटर. कोपर मागे आलं की हिरवं ठिगळ दिसे, पुढे गेलं की नाहीसं होई.

काठावर लेक उभी होती, हातात एक रिकामी मोठी पिशवी. तिने हात केला. काकांनी खिडकीच्या काचेवर तळहात आपटले, नाव घेऊन हाका मारल्या. पाण्यावरून आवाज लांब जातो, पण त्या दिवशी तो काचेपलीकडे गेला नाही. शिलाईताई त्यांच्या खिडकीत उभ्या होत्या आणि हात करत होत्या, होडीला. होडी टेकली. लेक हसली, काहीतरी बोलली, हात धरून आत उतरली. लहानपणी उतरायची तशी, खाली न बघता, धरणाऱ्यावर भार टाकून.

किती वेळ ते तसेच उभे राहिले कुणास ठाऊक. भानावर आले तेव्हा होडी खडकाला वळसा घालत होती. हातात सुरी होती. खाली जाऊन गाठ कापायची, समोर उभं राहायचं, बास. ते दारापर्यंत गेले. अकरा पायऱ्या खाली, खुंट्यापाशी, कुणीतरी आपली होडी त्यांच्या होडीला लावत होतं. मान खाली. आणखी एका क्षणाने ती मान वर झाली असती.

काकांना तो चेहरा बघवणार नव्हता. ते दाराआड सरकले आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसले. खुर्ची थोडी मागे सरकली.

टक, होडीवर होडी टेकली.

‘बाबा, ही जुनी होडी कुणाची?’ लेकीचा आवाज. मग हसून, लहानपणच्या सवयीने, वर बघत, ‘येऊ का?’

काकांनी दात आवळून धरले होते. उत्तर द्यायचं नाही हे त्यांनी ठरवलं होतं. पण एकतीस वर्षं पाण्यावर काढलेला माणूस, आणि खाली त्यांची स्वतःची लेक विचारत होती.

‘ये,’ ते म्हणाले.

आणि तो थकलेला, वाट बघून झालेला आवाज त्यांनी ओळखला.

मग लेक दबकत म्हणाली, ‘बाबा, घरात कोण आहे?’

‘कुणी नाही गं,’ खालचा माणूस म्हणाला. ‘सवय आहे, म्हणायचं नि पुढे जायचं.’

पहिल्या पायरीवर पाऊल पडलं.